क्लाउड गेमिंग : दूरच्या संगणकावरील खेळ, त्याचे शास्त्र आणि सामान्य घराचा हिशेब

विज्ञानातील प्रत्येक नवी सोय समाजात येते तेव्हा तिच्याबरोबर दोन आवाज येतात. एक जाहिरातीचा, दुसरा भीतीचा. जाहिरात सांगते की, आता महाग संगणकाची गरज उरली नाही. साध्या फोनवर किंवा घरातील दूरदर्शन संचावर जगातील उत्तमोत्तम खेळ खेळा. भीती सांगते की, मुले बिघडतील, हा सारा प्रकार घराबाहेर ठेवा. या दोन्ही आवाजांवर विसंबून घेतलेला निर्णय टिकत नाही. केवळ कानावर आले, परंपरेने सांगितले किंवा मोठ्या माणसाने म्हटले म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, ती अनुभवाने व विवेकाने तपासावी, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आपल्या शाळेच्या प्रार्थनागृहात तो अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. त्याच कसोटीवर क्लाउड गेमिंग ही गोष्ट घासून पाहावी, या हेतूने आम्ही हा अभ्यासलेख माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे ठेवीत आहोत.

विषय खेळाचा असला तरी प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. वसतिगृहातून सुटीला घरी आलेला मुलगा किंवा मुलगी संगणक मागते, तेव्हा मजुरी, शेती किंवा छोटी नोकरी करणाऱ्या घरात साठ-सत्तर हजारांचा प्रश्न उभा राहतो. तो खर्च खरोखर टळतो काय, की वेगळ्या वाटेने महिन्यामहिन्याला आपल्याच खिशातून जातो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मूळ कल्पना

एके काळी घरोघरी जाते होते. पहाटे उठून घरातील स्त्रियांनी दळण दळावयाचे, हा नित्यक्रम होता. पुढे गावात पिठाची गिरणी आली. घरात मोटार बसविण्याची कोणालाही गरज पडली नाही. डबा घेऊन जावयाचे, दळणाचे पैसे द्यावयाचे आणि पीठ घरी आणावयाचे. संगणकाच्या जगात ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात ती कल्पना मुळात हीच आहे. कष्टाचे काम करणारे मोठे यंत्र एका ठिकाणी असते, ते अनेकांच्या उपयोगी पडते आणि प्रत्येकजण आपल्या वापरापुरते मोल देतो. नावात ढग असला तरी आकाशाशी त्याचा संबंध नाही. वीज, वातानुकूलन आणि पहारा असलेल्या भक्कम इमारतीत हे संगणक मांडणीवर ओळीने लावलेले असतात. अशा इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचे केंद्र २०१६ पासून मुंबईत आहे, मायक्रोसॉफ्टचे एक केंद्र पुण्यात आहे.

आधुनिक खेळातील चित्र हे आधी काढून ठेवलेले नसते. खेळाडू कोठे उभा आहे, कोणीकडे पाहतो आहे, प्रकाश कोठून येतो आहे, यांचे गणित करून प्रत्येक क्षणी नवे चित्र तयार करावे लागते. हे गणित ग्राफिक्स कार्ड नावाचा भाग करतो आणि संगणकाच्या किमतीतील मोठा वाटा बहुधा त्याचाच असतो. क्लाउड गेमिंगमध्ये हा महाग भाग आपल्या घरी नसतो, तो डेटा सेंटरमध्ये असतो. आपल्या घरी फक्त दोन गोष्टी राहतात : बटणे आणि पडदा.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. इंटरनेटवर मित्रांबरोबर खेळला जाणारा प्रत्येक खेळ म्हणजे क्लाउड गेमिंग नव्हे. फोनवर आज जे लुडो, बुद्धिबळ, क्रिकेट किंवा लढाईचे खेळ खेळले जातात, त्यांतील बहुतेकांचे चित्र फोन स्वतःच तयार करतो. तारेवरून ये-जा करते ती केवळ कोण कोठे आहे आणि कोणी कोणती चाल केली, एवढीच माहिती. ती फार थोडी असते. क्लाउड गेमिंगमध्ये मात्र संपूर्ण चित्रच दूरवरून येते. पत्राने बुद्धिबळाची चाल कळविणे आणि संपूर्ण सामन्याचे चित्रीकरण पाठविणे यांत जेवढा फरक, तेवढाच या दोहोंत आहे.

एका बटणाचा प्रवास

खेळाडूने उडी मारण्याचे बटण दाबले, असे समजा. पुढील घटना क्रमाने घडतात.

प्रथम, बटण दाबल्याचा संकेत हातातील नियंत्रकाकडून फोन, दूरदर्शन संच किंवा जुन्या लॅपटॉपकडे जातो. दुसरे, तो संकेत वाय-फाय, तार आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे जाळे यांतून डेटा सेंटरपर्यंत पोहोचतो. तिसरे, तेथील संगणक खेळात ती उडी घडवून आणतो आणि नवे चित्र रेखाटतो. चौथे, ते चित्र आकाराने फार मोठे असल्याने दाबून लहान केले जाते. पाचवे, लहान केलेले चित्र त्याच वाटेने परत येते. सहावे, आपल्या हातातील यंत्र ते उलगडते. सातवे, पडदा ते दाखवितो.

या सात पायऱ्या एकमेकींवर अवलंबून आहेत. हे असेल तर ते होईल, हे नसेल तर ते होणार नाही, असा कार्यकारणाचा नियम येथे जसाच्या तसा दिसतो. डेटा सेंटरमध्ये कितीही बलाढ्य यंत्र असो, घरातील वाय-फाय अडखळले की उडी उशिरा दिसणार. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते.

वेळेचा हिशेब

सहज दिसणाऱ्या हालचालीसाठी खेळात सेकंदाला ६० चित्रे दाखवितात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे मिलिसेकंद होय. सेकंदाला ३० चित्रे असतील तर प्रत्येकास ३३.३ मिलिसेकंद मिळतात.

आता अंतर मोजू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. संगणक मुंबईत आणि खेळाडू नागपुरात असेल, आणि मधली तार सुमारे ८०० किलोमीटरची आहे असे धरले, तर संकेत जाण्यास ४ आणि चित्र परतण्यास ४, असे किमान ८ मिलिसेकंद लागतील. संगणक सिंगापुरात असेल तर मुंबईपासूनचे सरळ अंतरच सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. ये-जा धरून ३९ मिलिसेकंद केवळ प्रकाशाच्या प्रवासात जातील. समुद्राखालील तारा सरळ रेषेत नसतात आणि वाटेतील प्रत्येक थांब्यावर थोडा वेळ खर्च होतो, म्हणून प्रत्यक्षातील आकडा याहून मोठा असतो. कोणत्याही कंपनीस प्रकाशाचा वेग वाढविता येत नाही. यास्तव जवळ डेटा सेंटर असणे, हीच या सेवेची पहिली अट ठरते.

या प्रवासात चित्र रेखाटणे, दाबणे, उलगडणे आणि पडद्यावर आणणे यांचा वेळ मिळवावा लागतो. एनव्हिडिया या कंपनीने आपल्या जीफोर्स नाऊ सेवेसाठी डेटा सेंटरपर्यंतचा विलंब ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावा अशी अट घातली असून, चांगल्या अनुभवासाठी तो ४० पेक्षा कमी असावा असे सुचविले आहे.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. डोळ्यांना दिसल्यावर हात हलण्यास माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. मग मधल्या ५० मिलिसेकंदांनी काय बिघडते? उत्तर असे की, हा विलंब माणसाच्या विलंबाऐवजी येत नाही, त्यात मिळवला जातो. शिवाय प्रतिस्पर्धी स्वतःच्या घरच्या संगणकावर खेळत असेल तर तो विलंब त्याच्या वाट्याला येत नाही. धावण्याच्या शर्यतीत एकाला रेषेच्या एक पाऊल मागे उभे करण्यासारखा हा प्रकार आहे. शर्यत दोन पावलांची असेल तर ते एक पाऊल सर्वस्व ठरते. पाच कोसांची पदयात्रा असेल तर त्याचे काहीच वाटत नाही.

सरासरी विलंबापेक्षाही विलंबातील चढउतार अधिक त्रासदायक असतो. नेहमीच ५० मिलिसेकंद लागत असतील तर हाताला त्याची सवय होते. कधी ३०, कधी १५० असे होऊ लागले की खेळ हातातून सुटतो. घरातील वाय-फायवर अनेक यंत्रे एकाच वेळी बोलत असली, भिंती जाड असल्या किंवा राउटर दूर असला, की असे चढउतार वाढतात.

चित्राचे ओझे

साधारण चांगल्या प्रतीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात. गुणाकार केला तर एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू होतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६.२ मेगाबाइटचे होते. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे सुमारे ३७३ मेगाबाइट, अर्थात जवळजवळ ३,००० मेगाबिट प्रतिसेकंद. एवढा प्रवाह सामान्य घरातील जोडणीतून येणे शक्य नाही.

म्हणून चित्र दाबले जाते. लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग तोच असतो. आकाश तेच, भिंत तीच, फक्त खेळाडू थोडा सरकलेला. जे बदलले तेवढेच पाठवावयाचे आणि जे सरकले ते कोठे सरकले एवढेच सांगावयाचे, हे या तंत्राचे सार आहे. अशा रीतीने ३,००० मेगाबिटांचे ओझे सुमारे २० मेगाबिटांवर, म्हणजे दीडशेव्या हिश्शावर येते. यात थोडी हानी अटळ असते. गवताचे मैदान, पाऊस, धूर, धुळीचे लोट अशा ठिकाणी चित्रातील प्रत्येक बिंदू बदलत असतो. तेथे चित्र पुसट किंवा चौकटी पडल्यासारखे दिसते. तो पडद्याचा दोष नसून दाबण्याच्या क्रियेची मर्यादा होय.

चित्रपट इंटरनेटवर सुरळीत चालतो, मग खेळ का अडखळतो, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. चित्रपट आधीच तयार झालेला असतो. त्याचा पुढचा भाग यंत्र आगाऊ मागवून साठवून ठेवते. पाणी अधूनमधून येत असले तरी टाकी भरलेली असेल तर नळ चालू राहतो, तसे हे आहे. खेळात पुढचे चित्र खेळाडूच्या पुढच्या कृतीवर ठरते. ती कृती अजून झालेलीच नाही. तेव्हा साठवावयाचे काय? येथे टाकी नाही, थेट नळच आहे. पाणी थांबले की धार तुटली.

गेल्या पंधरा वर्षांचा धडा

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत ऑनलाइव्ह ही सेवा जून २०१० मध्ये सुरू झाली आणि तिने मोठे कुतूहल निर्माण केले. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद पडली. तिची एकस्वे सोनी कंपनीने घेतली. गायकाय नावाची दुसरी कंपनी सोनीने २०१२ मध्येच सुमारे ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती व त्यातून पुढे प्लेस्टेशन नाऊ ही सेवा उभी राहिली.

सर्वांत बोलका अनुभव गुगलच्या स्टेडिया या सेवेचा आहे. मार्च २०१९ मध्ये तिची घोषणा झाली आणि १९ नोव्हेंबर २०१९ रोजी ती काही देशांत सुरू झाली. भारत त्यांत नव्हता. मागे जगातील एक बलाढ्य कंपनी, तंत्र उत्तम, पैशाला तोटा नाही. तरीही पुरेसे खेळाडू जमले नाहीत. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सेवा बंद करण्याचे जाहीर झाले आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती थांबली. गुगलने स्टेडियाच्या दुकानातून घेतलेल्या खेळांचे आणि आपल्याकडून विकलेल्या यंत्रांचे पैसे परत केले, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. परंतु ती त्या कंपनीची भूमिका होती. प्रत्येक कंपनी तसे करीलच अशी खात्री नाही.

आज एनव्हिडियाची जीफोर्स नाऊ, मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग आणि ॲमेझॉनची लूना या सेवा जगातील विविध देशांत चालू आहेत. मायक्रोसॉफ्टची सेवा सप्टेंबर २०२० मध्ये २२ देशांत सुरू झाली व नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली. म्हणजे हा विषय आता आपल्या दारात आला आहे.

विकत घेतले, पण कोणाचे?

स्टेडियाच्या कथेत आपल्यासाठी एक मूलभूत प्रश्न आहे. जुन्या काळी खेळाची तबकडी विकत घेतली की ती कपाटात राहत असे. ती मित्राला देता येई, धाकट्या भावंडाकडे जाई, नको असेल तर विकता येई. क्लाउड सेवेत आपण बहुधा वस्तू घेत नाही, प्रवेश घेतो. वर्गणी थांबली की प्रवेश थांबला. काही सेवांत वर्गणीबरोबर खेळांचा संच मिळतो, परंतु त्यातील कोणता खेळ केव्हा काढून घेतला जाईल ते कंपन्यांच्या परस्पर करारावर ठरते. जीफोर्स नाऊमध्ये खेळाडू स्वतः अन्य दुकानातून विकत घेतलेले खेळ चालवितो. तरीही २०२० मध्ये काही प्रकाशकांनी आपले खेळ त्या सेवेतून काढून घेतले होते. खेळ खेळाडूचाच राहिला, पण तो तेथे चालेनासा झाला.

भाड्याचे घर वाईट नसते. पण ते भाड्याचे आहे हे ठाऊक असावे, आणि घरमालकाचा पत्ता व करार वाचलेला असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सामान्य घराचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. रोज थोडा वेळ खेळणाऱ्या सामान्य मुलास किंवा प्रौढास ही सोय मानवते काय?

प्रथम डेटा. सेकंदाला १० मेगाबिटांचा प्रवाह म्हणजे सेकंदाला १.२५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४.५ गिगाबाइट. २० मेगाबिटांना तासाला ९ गिगाबाइट लागतात. आपल्याकडे मोबाइलचे अनेक पॅक दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइट देतात. दोन गिगाबाइट १० मेगाबिटांच्या प्रवाहाने सुमारे २७ मिनिटांत संपतात. त्यानंतर त्या दिवशी अभ्यासाचा व्हिडिओ पाहण्यास किंवा अर्ज भरण्यास वेगवान डेटा उरत नाही. यास्तव, ज्या घरात मोबाइल पॅक हेच एकमेव इंटरनेट आहे, त्या घरासाठी क्लाउड गेमिंग योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरात तारेची अमर्याद जोडणी असेल तरच पुढचा विचार करावा; तीही वाचून घ्यावी, कारण पुष्कळदा ठरावीक मर्यादेनंतर वेग कमी केला जातो.

दुसरे, पैसा. समजा, ६० हजारांचा संगणक घेतला आणि तो पाच वर्षे चालला, तर महिन्याला १,००० रुपये पडले. समजा, क्लाउड सेवेची वर्गणी महिन्याला ७०० रुपये, आणि तिच्यासाठी इंटरनेटची वरची योजना घ्यावी लागल्याने ३०० रुपये जास्त, तर तेही १,००० रुपयेच झाले. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, रीत हीच. मात्र दोन बाजूंचे वजन सारखे नाही. संगणकावर अभ्यास होतो, टंकलेखन होते, पाच वर्षांनी तो विकताही येतो. वर्गणीतून मागे काही उरत नाही. उलट, ज्याच्याकडे जुना पण चालू लॅपटॉप आणि तारेची जोडणी आधीच आहे, आणि ज्याला वर्षातून दोन-तीन महिनेच खेळावयाचे आहे, त्याला तेवढ्याच महिन्यांची वर्गणी स्वस्त पडेल. रोज खेळणाऱ्यापेक्षा कधीमधी खेळणाऱ्यास क्लाउड अधिक फायद्याचे ठरते, हा निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटला तरी हिशेबाने खरा आहे.

तिसरे, खेळाचा प्रकार. बुद्धिबळ, कोडी, पाळीपाळीने खेळावयाचे डाव, नगररचना, सावकाश उलगडणारी कथा यांना थोडा विलंब चालतो. नेमबाजी, मोटारींची शर्यत, हातघाईची लढत आणि ताल धरून बटणे दाबावयाचे संगीतमय खेळ यांना तो चालत नाही. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्याने क्लाउडवर विसंबू नये.

चौथे, वीज. भारनियमन किंवा वादळ यांत वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोनमध्ये बॅटरी भरलेली असली तरी घरातील जोडणी तुटते. फोनवरच चालणारा साधा खेळ त्या वेळीही चालू राहतो.

पाचवे, सामायिक जोडणी. वसतिगृहात किंवा एकत्र कुटुंबात हा मुद्दा कळीचा आहे. १०० मेगाबिटांची जोडणी असेल आणि प्रत्येक खेळाडूस २० मेगाबिट लागत असतील, तर पाच खेळाडूंतच ती संपते. सहावा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत असेल किंवा ऑनलाइन व्याख्यान ऐकत असेल, तर त्याच्या वाट्याला अडथळा येतो. सामायिक वस्तू वापरताना आपल्या सोयीने दुसऱ्याचा मार्ग अडतो काय, हे पाहणे हे आपल्या सहजीवनाचे शिक्षण आहे. म्हणून वसतिगृहाच्या जोडणीवर क्लाउड गेमिंग नको, असे आम्ही सुचवितो.

घेण्यापूर्वी तपासा

ज्यांच्या घरी परिस्थिती अनुकूल आहे, त्यांनी पुढील क्रमाने तपासणी करावी. ज्या वेळी खेळावयाचे त्याच वेळी, म्हणजे बहुधा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सलग आठवडाभर इंटरनेटचा वेग आणि विलंब मोजून वहीत लिहावा. सकाळी सहाला मोजलेला वेग रात्रीचे सत्य सांगत नाही. शक्य असेल तर यंत्र राउटरला तारेने जोडावे. तार नसेल तर वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा आणि राउटर त्याच खोलीत असावा. सेवेचा विनामूल्य स्तर असेल तर प्रथम तोच वापरावा. जीफोर्स नाऊच्या विनामूल्य स्तरावर रांगेत थांबावे लागते व एका बैठकीस मर्यादा असते, पण आपल्या घरी ही सेवा चालते की नाही हे कळण्यास तेवढे पुरते. वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. एक महिना घ्यावा. बँक खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची मान्यता दिली असेल तर ती कशी रद्द करावयाची, हे मान्यता देण्यापूर्वी समजून घ्यावे.

पालकांसाठी दोन शब्द

क्लाउड गेमिंग आणि पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ यांची गल्लत होऊ नये. पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ पुरविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवघेव घडविणे यांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंदी घातली आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक स्वरूपाचे खेळ वेगळे मानले आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संपत्तीच्या नाशाच्या सहा वाटा सांगितल्या, त्यांत जुगार आणि आळस या दोन्ही आहेत. क्लाउड गेमिंग ही जुगाराची वाट नव्हे. पण अमर्याद वेळ दिला तर ती आळसाची होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे तीन : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. ही स्थिती साधारणपणे वर्षभर टिकलेली असावी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे सुटीत चार दिवस जास्त खेळलेल्या मुलावर हा शिक्का मारणे अन्यायाचे. आणि वर्षभर शाळा, झोप व मित्र सुटलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणे त्याहून अन्यायाचे. अशा वेळी रागावण्याऐवजी समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

क्लाउडमुळे एक गोष्ट मात्र बदलते, ती पालकांनी ध्यानात ठेवावी. पूर्वी संगणक एका खोलीत, एका मेजावर असे. तो घराला दिसे. आता तोच खेळ फोनवर, पांघरुणाखाली, रात्री चालू शकतो. म्हणून नियम यंत्राचे नकोत, वेळेचे असावेत. आणि ते मुलांशी बोलून, दोघांनी मान्य करून ठरवावेत. लादलेला नियम दार बंद झाले की मोडतो; समजून घेतलेला नियम मूल स्वतः पाळते.

मध्यम मार्ग

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष असा. क्लाउड गेमिंग हे फसवे तंत्र नाही. ते खरे आहे आणि काही घरांस उपयोगी आहे. शहरातील तारेची चांगली जोडणी, जवळचे डेटा सेंटर, सावकाश खेळावयाचे खेळ आणि कधीमधी खेळणारा माणूस, एवढे जुळले तर ते मानवते. मोबाइल पॅकवर चालणारे घर, विजेचा लपंडाव असलेले गाव, सामायिक जोडणी आणि स्पर्धेचे खेळ, यांपैकी एकही गोष्ट असेल तर पैसा व वेळ दोन्ही वाया जातात. जाहिरात सांगते की, या तंत्राने गरीब-श्रीमंत भेद मिटला. प्रत्यक्षात तो भेद संगणकाच्या किमतीतून निघून जोडणीच्या प्रतीत जाऊन बसला आहे.

तथापि याच तंत्राची दुसरी बाजू आमच्या मते अधिक मोलाची आहे. दूरच्या बलाढ्य संगणकावर काम करून घेण्याची ही रीत खेळापुरती नाही. गुगलची कोलॅब ही सेवा २०१७ पासून सर्वांसाठी खुली आहे. तीत ब्राउझरमधून, मर्यादित प्रमाणात विनामूल्य, ग्राफिक्स प्रोसेसर वापरता येतो. तेथे चित्राचा अखंड प्रवाह लागत नाही. लिहिलेला प्रोग्राम जातो आणि उत्तर परत येते, म्हणून कमी वेगाची जोडणीही पुरते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी संगणक नाही, त्याला शाळेच्या संगणककक्षातून कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करता येतात. गिरणी तीच, कोणते दळण टाकावयाचे ते आपल्या हाती आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात नोकरी करतात, त्यांनी सुटीतील एखादा दिवस या कामी शाळेस द्यावा, अशी विनंती आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने करतो.

स्वाध्याय

१. आपल्या गावापासून मुंबईपर्यंतचे अंतर शोधा आणि प्रकाशाला काचेच्या तंतूतून जाऊन येण्यास किमान किती मिलिसेकंद लागतील ते काढा.

२. १,२८० × ७२० बिंदूंच्या पडद्यासाठी, सेकंदाला ३० चित्रे धरून, न दाबलेल्या चित्रप्रवाहाचे ओझे किती मेगाबिट होईल?

३. आपल्या घरातील डेटा पॅकवर १० मेगाबिटांच्या प्रवाहाने किती मिनिटे खेळता येईल? त्यानंतर त्या दिवशी घरातील कोणाचे कोणते काम अडेल, त्यांची यादी घरातील सर्वांना विचारून करा.

४. आपणास आवडणाऱ्या तीन खेळांची नावे लिहा. त्यांतील कोणास विलंब चालेल व कोणास चालणार नाही, ते कारणांसह सांगा.